मिस्त्रींची मिशी आणि अकरावा धागा

धागा तपासायचा झाला की आमचे मिस्त्री आधी डाव्या हाताच्या बोटाने मिशी वर करायचे. मग उजव्या हाताच्या चिमटीतला धागा वरच्या ओठावरून सावकाश ओढायचे. डोळे मिटलेले, मान किंचित वाकडी. तेवढा वेळ कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. मग डोळे उघडून म्हणायचे, "हाताले घट्टे पडले, डोयाले चष्मा लागला. पन ओठाले कळते."

आणि खरोखरच कळायचं हो! माझ्या लॅबमध्ये चांगलं काचेच्या पेटीतलं यंत्र होतं, तराजू होता, भिंग होतं. मी बी.एस्सी. होते आणि त्याचा मला भलता ताठा होता. मी अर्धा तास मोजमाप करून सांगायचे की या धाग्यात बारीक तंतू तुटलेले आहेत. मिस्त्रींनी ते सकाळीच ओठाने ओळखून दुरुस्तही केलेलं असायचं. असा संताप यायचा म्हणून सांगू!

नाव सांगत नाही. त्यांना आवडलं नसतं, आणि कारखान्यात त्यांना नावाने कोणी ओळखतही नसे. मालकापासून झाडूवालीपर्यंत सगळे मिस्त्रीच म्हणायचे. पंचेचाळिशीचा, उंच, काळासावळा गडी. कळमेश्वरकडचं शेतकऱ्याचं घर. शेती भावाकडे, आणि हा माणूस पाना-हातोडी घेऊन नागपूरजवळच्या हिंगण्याच्या कारखान्यात. मिशी मात्र अस्सल पाटलाची. जाडजूड, दोन्ही टोकं खाली उतरलेली, तेल लावलेली.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. आमच्याकडे पॉलिस्टरचा धागा कुरळा करत. हा धागा मुळात सरळसोट, गुळगुळीत असतो. त्याला तापवायचं, पीळ द्यायचा, निववायचं आणि पीळ सोडायचा. मग तो लोकरीसारखा फुगतो, मऊ होतो. गांधीबागेतले व्यापारी तो विणकरांना विकत. या कामाचं एकच लांबलचक मशीन होतं. त्याच्या खात्यात बारा माणसं, त्यांच्यावर मिस्त्री, आणि बाजूला लॅब नावाच्या खोक्यात मी.

मी नागपूरच्या जुन्या महाल भागातली. घरात तीन पिढ्या कारकून. कारखान्यात जाणारी पहिली मीच, त्यामुळे घरी रोज नवीन कटकट. मिस्त्री पहिला महिनाभर मला "म्याडम" म्हणाले. एकदा त्यांनी माझा डबा पाहिला. भाकरी आणि चून, म्हणजे आमच्याकडचं पिठलं. त्या दिवसापासून मी "ताई" झाले, आणि "तुमी"चं "तू"ही झालं. मला राग यायला हवा होता. आला नाही, उलट बरं वाटलं.

आता अडचण सांगते. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. एप्रिल लागला की हवेतली ओल पार जाते. हवा कोरडी झाली की या कृत्रिम धाग्यात घासून घासून वीज साठते. नायलॉनची साडी सोडताना चट् चट् आवाज येतो ना, तीच वीज. मग धाग्याचे तंतू एकमेकांपासून पळतात, फुलारतात, कुठेही चिकटतात आणि तुटतात. एकेका पाळीत शंभरदा तुटायचे. म्हणून दर वर्षी एप्रिल ते जून मशीन बंद, आणि बारा माणसं घरी. तीन महिने बिनकामाचे.

त्या वर्षी मालकांनी वेगळाच सूर लावला. मुंबईचा एक इंजिनिअर आला, मशीनभोवती रुमालाने वारा घेत दोन फेऱ्या मारून म्हणाला, "हे मशीन या गावाचं नाही. समुद्राजवळ न्या." मालकांना ते पटलं. सुरतेचं गिऱ्हाईकही तयार होतं. मशीन विकायचं, खातं कायमचं बंद करायचं, असं ठरत आलं.

मिस्त्री मालकांच्या खोलीत गेले. मी तिथे रिपोर्टवर सही घ्यायला उभीच होते.

"शेठजी, मशीनले ऊन लागलं हाये," मिस्त्री म्हणाले. "मानसाले ऊन लागलं तं आपन त्याले विकतो काय?"

मालक हसले. "मग काय करू मिस्त्री, कांदा बांधू त्याच्या गळ्यात?"

"वाळ्याची ताटी बांधू. मले नवतपापर्यंत टाइम द्या."

मालक मोठे वस्ताद. म्हणाले, "ठीक आहे. मेअखेरीच्या कडक उन्हातले नवतपाचे नऊही दिवस चालवून दाखवा. एका पाळीत धागा दहापेक्षा जास्त वेळा तुटला, तर मशीन सुरतेला. अन् तुम्ही काय लावता?"

मिस्त्रींनी मिशीवर हात ठेवला. "अकराव्यांदा तुटला तं हे काढीन. बाप जिता असतानी काढीन."

मालकांचं हसू थांबलं. आमच्याकडे बाप गेल्यावरच मुलगा मिशी उतरवतो. बाप असताना उतरवली म्हणजे त्याला जिवंतपणी मारल्यासारखं. मिस्त्रींचे वडील ऐंशीच्या घरातले, चांगले ठणठणीत, गावातल्या ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला शिव्या देत. त्यांच्या कानावर ही पैज गेली तेव्हा म्हणे त्यांनी पोराला काठी फेकून मारली होती.

मग सुरू झाला खटाटोप. मिस्त्रींनी खिडक्यांना लाकडी चौकटी ठोकल्या, त्यांत वाळ्याच्या ताट्या बसवल्या. वरून भोकं पाडलेल्या नळीतून पाणी ठिबकायचं आणि आतला मोठा पंखा ओली हवा ओढून घ्यायचा. तुम्ही म्हणाल, यात काय नवल? घरोघरी असते की! पण घरात माणूस बसतो हो, त्याला कमीजास्त ओल चालते. धाग्याला नेमकीच लागते.

ती मोजायला माझ्याकडे ओल्या आणि सुक्या पाऱ्याच्या दोन नळ्यांचं यंत्र होतं. मिस्त्रींनी मशीनच्या डोक्यावर दोरीने उडदाचा पापड टांगला. "वाकला तं बरोबर. मोडला तं पानी वाढव." मी फणकारले, "मिस्त्री, ही लॅब आहे, पंगत नाही!" आठवड्याने माझं यंत्र सांगत होतं की खात्यात ओलच ओल आहे, आणि पापड कडकड मोडत होता. दोन तास वाद घातल्यावर कळलं की सुक्या नळीवर ताटीचं पाणी ठिबकत होतं आणि ती केव्हाच ओली झाली होती. मिस्त्रींनी पापड भाजून अर्धा मला दिला.

आणखी एक शोध त्यांनी लावला, तो माझ्यामुळे. मावशीने मुंबईहून माझ्यासाठी नायलॉनची साडी आणली होती, आकाशी, पांढऱ्या फुलांची. ती नेसून मी मिरवत मशीनपाशी गेले. मिस्त्री धाग्याकडे बघत होते. ते एकदम ओरडले, "मागं हो वं! मागं हो!" पाहते तर मशीनवर चाचणीपुरता चढवलेला धागा कमान होऊन माझ्या पदराकडे निघालेला.

"काहून नेसली हे?" ते म्हणाले. "तुह्या साडीत वीज, त्याच्यात वीज. धागा धाग्याले ओढते. उद्यापासून सुती नेसून ये." आणि त्यांनी दारावर खडूने लिहून टाकलं, नायलॉन टेरिलीन आत बंद. टेरिलीनचा शर्ट घालून आलेल्या एकाला तर त्यांनी बनियनवर कामाला लावलं.

मेच्या सुरुवातीला मशीन फिरलं. गड्यांनी नारळ फोडला. आणि चार दिवसांत गांधीबागेतून माल परत! व्यापारी स्वतः रिक्षा करून आला होता. "हे सूत आहे की अत्तर?" त्याने रीळ माझ्या नाकाला लावलं. धाग्याला वाळ्याचा वास येत होता. त्याचं त्याला काही नव्हतं, उलट आवडलाच होता. पण रंगवल्यावर कापडावर ठिपके पडले होते, देवी आल्यासारखे. पंख्याच्या जोराने ताटीचं पाणी बारीक थेंबांनी आत येत होतं आणि धाग्यावर बसत होतं.

पंखा हळू केला तर पापड मोडायचा. जोरात ठेवला तर ठिपके. नवतपा आठ दिवसांवर. मिस्त्री दिवसभर ताटीसमोर उभे राहायचे. जेवणाचा डबा तसाच घरी जायचा. मशीन गेलं तर बारा जणांचं काय होणार, हे त्यांनी एकदाही बोलून दाखवलं नाही, पण त्यातल्या सात जणांना गावाकडून त्यांनीच आणलं होतं.

एका दुपारी मला ते पाहवेना. मी म्हटलं, "मिस्त्री, चहा तरी घ्या. आणि आधी ती मिशी पुसा, पाणी गळतंय तिच्यातून."

त्यांनी मिशीला हात लावला. चिंब. मग सवयीने बोट घालून मिशी वर केली आणि ओठावर बोट फिरवलं. तसेच थांबले.

"ताई," ते हळूच म्हणाले, "ओठ कोरडा हाये."

"मग?"

"मग काय, बाप्पा! मिशीनं पानी अडवलं अन् हवा जाऊ देल्ली!" आणि पन्नाशीकडे झुकलेला तो माणूस त्या खात्यात गोल फिरून नाचला हो. मी आधी घाबरले, मग मलाही हसू आवरेना.

कारखान्यात तुटक्या, वाया गेलेल्या धाग्याचे, म्हणजे वेस्टाचे, ढीग पडलेले असत. मिस्त्रींनी त्याचे झुपके बांधले, दाट, लांब, आणि ते पंख्याच्या तोंडासमोर ओळीने लोंबत सोडले. खाली पन्हळ लावली. थेंब झुपक्यांत अडकायचे आणि ओघळून पन्हळीत पडायचे. हवा मात्र ओली पण थेंबांवाचून पुढे यायची. पापड छान वाकला. रंगवून पाहिलं, एक ठिपका नाही. गड्यांनी त्या झुपक्यांना नाव दिलं मिशी. "मिशी साफ केली का?" "मिशी बदलायला झाली." पाहुण्यांना काही समजायचं नाही.

मी हौसेने त्याचा नकाशा काढला. म्हटलं, "मिस्त्री, याचं पेटंट घेऊ तुमच्या नावाने."

"ताटी भिजवनं कचेरीतल्या चपराश्यापासून शिकलो, झुपके वेस्टाचे, अन् मिशी बापानं देल्लेली," ते म्हणाले. "माह्यं काय हाये त्याच्यात?"

नवतपा लागला. बाहेर डांबर वितळत होतं, बसमधून उतरून गेटपर्यंत चालताना चपला चिकटत. आत आम्ही बारा अधिक दोन माणसं वाळ्याच्या वासात श्वास रोखून उभे. धागा तुटला की फळ्यावर मी खडूची रेघ ओढायची, हे काम मालकांनी माझ्यावर टाकलं होतं. पहिल्या दिवशी आठ रेघा. मग सहा. मग नऊ, तेव्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. असे आठ दिवस पार पडले.

नववा दिवस फार वाईट होता. लू अशी सुटली की ताट्या तासाभरात सुकायच्या. गडी बादल्या घेऊन धावत होते. तीन वाजता फळ्यावर दहा रेघा झाल्या. पाळी संपायला तास होता. मिस्त्री मशीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते, एकेका धाग्याला नजरेनेच थोपटत. अर्धा तास गेला. एकही तुटला नाही.

साडेतीनला मालक आले, सोबत फोटोग्राफर. "जिंकल्यातच जमा मिस्त्री! चला, फोटो काढू."

आता माझी गोष्ट सांगते. मी सकाळी पिशवीत ती आकाशी साडी आणली होती. शेवटच्या दिवशी फोटो काढू, असं मालक आदल्या दिवशी म्हणाले होते. सुती साडी दिवसभराच्या घामाने चोळामोळा झालेली, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा कारखान्यात फोटो निघणार होता. म्हटलं, पाच मिनिटांत काय बिघडतंय? लॅबमध्ये जाऊन बदलून आले. सगळे इतके आनंदात होते की कुणाचं लक्ष गेलं नाही. निदान मला तसं वाटलं. मालक मधे, मिस्त्री उजवीकडे, मी डावीकडे मशीनला लागून. फोटोग्राफर म्हणाला, "बाई, जरा मागे सरका." मी सरकले. लख्ख उजेड पडला, आणि माझ्या खांद्यामागे बारीकसा ट्क् आवाज झाला.

धागा तुटला होता. त्याचं टोक माझ्या पदराला चिकटलं होतं. मी ते झटकन ओढून मुठीत घेतलं. मालक फोटोग्राफरशी बोलत होते. मिस्त्री दोन ढांगांत माझ्यामागे आले, धागा ओवला, मशीन पुन्हा एकसारखं गुणगुणू लागलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

चार वाजले. भोंगा झाला. मालकांनी फळ्याकडे बघत विचारलं, "किती झाले, बाई?"

खडू माझ्या हातात होता. बारा माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "दहा."

काय तो जल्लोष! मशीन राहिलं. खातं राहिलं. गड्यांनी मिस्त्रींना उचलून घेतलं. ते मात्र खाली उतरताच पापड बघायला गेले.

दुसऱ्या दिवशी कारखान्याला जाणाऱ्या बसमध्ये मिस्त्री चढले आणि सगळी बस गप्प झाली. मिशी नव्हती. तो ओठ मी पहिल्यांदाच उघडा पाहत होते. बाकी चेहऱ्याहून गोरा, लहान मुलाच्या ओठासारखा. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या वॉचमनने उठून त्यांचा हात धरला. "कधी गेले गा, बाबा?"

"बाबा मस्त हाये," मिस्त्री म्हणाले. "गर्मी लय होऊन राहिली होती, म्हून काढली."

कोणाचा विश्वास बसणार? त्या रविवारी कारखान्यातले चौघे गावी भेटायला गेले. दार मिस्त्रींच्या म्हाताऱ्या बापानेच उघडलं. "कोन मेलं?" त्याने विचारलं. चौघे जे पळत सुटले ते बसस्टँडवर येऊनच थांबले. ही गोष्ट कारखान्यात वर्षभर पुरली, आणि हसून हसून पोटं दुखली सगळ्यांची. माझं नाही दुखलं. म्हातारा पोराशी पावसाळा सरेपर्यंत बोलला नाही, हे मला माहीत होतं.

मी त्यांना लॅबमध्ये एकटं गाठलं. "मिस्त्री, हे काय केलंत? मी दहा सांगितले होते ना?"

"अकरा होते वं ताई."

"मग तिथेच का बोलला नाहीत?"

"मागं बारा चुली हायेत," ते म्हणाले. "शेठले तू सांगतलं ते सांगतलं. पन पैज मी लावली. मिशी माही हाये."

तेव्हाच सांगायला हवं होतं मी. की मशीन चुकलं नाही, तुमची मिशी खोटी ठरली नाही, माझी साडी नडली. ओठांपर्यंत आलं होतं. पण नोकरी जाईल, घरी बसवतील, या भीतीने मी गप्प राहिले. एरवी एवढी तोंडाळ मी, नेमकी तेव्हा मुकी झाले. आजही आठवलं की माझीच मला लाज वाटते.

पुढच्या वर्षी पुन्हा नवतपा आला. या वेळी पैज नव्हती, तरी मिस्त्री मला म्हणाले, "रेघा वढ." मी नऊही दिवस सुती साडीत उभी राहून रेघा ओढल्या. सगळ्यात जास्त झाल्या त्या सात. दहाव्या दिवशी मिस्त्री दाढी करून आले, तेव्हा ओठावरचे खुंट वर्षात पहिल्यांदाच तसेच ठेवलेले होते. सगळ्या खात्यात मी पेढे वाटले. कशाचे ते कोणाला कळलं नाही. दिवाळीपर्यंत मिशी होती तशी झाली.

मग वर्षं गेली. कारखान्यात एअर कंडिशनिंग आलं, वाळ्याच्या ताट्या निघाल्या. झुपके मात्र राहिले, नवीन यंत्राच्या तोंडालाही थेंब सुटतच होते. मिस्त्री निवृत्त होऊन गावी गेले. मी दर दिवाळीला ठरवायचे की जाऊन सांगून टाकायचं, आणि दर दिवाळीला काहीतरी निघायचं. एक दिवस वॉचमनच्या मुलाने निरोप आणला. मिस्त्री गेले, झोपेतच.

तेरवीला मी गेले. अंगणात मांडव होता. दोन्ही मुलं पाहुण्यांना पाणी देत होती, दोघांच्याही मिशा नुकत्या उतरवलेल्या, ओठ गोरे. बापासारखेच दिसत होते दोघं, त्या सकाळी बसमध्ये मिस्त्री दिसले होते तसे. मला भडभडून आलं.

आत त्यांची बायको बसली होती. मी कधी भेटले नव्हते. पाया पडून म्हटलं, "काकू, मी कारखान्यात होते, लॅबमध्ये."

म्हातारीने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. माझी साडी चिमटीत धरून पाहिली. सुती होती. मग तिच्या रडून सुजलेल्या चेहऱ्यावर हसू आलं.

"तूच का वं, थे नायलॉनवाली?"

मी मान खाली घालून होकार दिला.

"हे म्हनत, पोरीनं हौसेनं नेसली, सांगतलं असतं तं बिचारीची नोकरी गेली असती. मिशीचं काय, थे परत येते." तिने हाताने भिंतीकडे दाखवलं. "जा, पाह्य. रोज पुसत हे त्याले."

त्या फोटोच्या दोनच प्रती निघाल्या होत्या. एक मालकांच्या खोलीत उंचावर लागली, तिकडे मी कधी मान वर करून पाहिलं नाही. दुसरी ही. मी जवळ गेले. मालक मधे, पोट आत घेऊन कॅमेऱ्याकडे बघताहेत. मी डावीकडे, आकाशी साडीत, लाजून कॅमेऱ्याकडे बघते आहे. माझ्या खांद्यामागे एक केसाएवढा धागा कमान होऊन पदराकडे निघाला आहे. मिस्त्री एकटे कॅमेऱ्याकडे बघत नाहीत. त्यांची नजर त्या धाग्यावर आहे, आणि मिशी अजून ओठावर आहे.